वानवडी ते बालेवाडी

सन १७९२ मध्ये महादजी शिंदे उत्तर हिंदुस्थानातून पुण्यास आले, तेव्हा त्यांच्या लवाजम्यात मराठी सरदार, शिलेदार, कारकून आणि बाजारबुणगे यांच्या जोडीला एक हॉलंडचा मनुष्यही होता. त्याचे नाव जॉन हेसिंग. महादजींच्या खाशा रक्षक पलटणींची सरदारी त्याच्याकडे होती, त्याचा दरमहाचा मुशाहिरा ठरलेला होता, आणि ज्या धन्याचे मीठ तो खात होता त्या धन्याची भाषा, त्याचा देव आणि त्याचे भांडण यांपैकी एकही गोष्ट त्याची स्वतःची नव्हती. दोन वर्षांनी, १७९४ च्या फेब्रुवारीत, महादजी वानवडीसच वारले. तेथे त्यांची छत्री आहे. हेसिंग पुढे आग्र्यास गेला व तेथेच मेला, आणि त्याच्या कबरीवर त्याच्या कुटुंबाने तांबड्या दगडाचा एक धाकटा ताजमहाल उभा केला. परमुलखातून आलेल्या नोकरांमध्ये हेसिंगला त्यातल्या त्यात इमानी म्हटले पाहिजे, कारण तो निदान या देशात मरण्यापुरता तरी टिकला.

वानवडीच्या त्या छत्रीपासून निघून कॅम्प, शहर आणि नदी ओलांडीत पश्चिमेकडे गेले, तर पुण्याच्या थेट दुसऱ्या टोकाला, मुंबईच्या हमरस्त्यालगत, बालेवाडीचे क्रीडासंकुल लागते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी ते बांधले गेले, आणि २०१४ च्या शरदात त्याच्या हिरवळीवर डेव्हिड त्रेझेगे नावाचा एक उंच, सडपातळ, सदतिशीला टेकलेला फ्रेंच गृहस्थ पुण्याच्या नावाचा केशरी सदरा घालून उभा राहिला. हा तोच त्रेझेगे, ज्याने २००० साली रॉटरडॅमच्या मैदानावर, युरोपच्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेतल्या एका फटक्याने इटलीचे पारिपत्य केले होते आणि ज्याच्या नावावर युव्हेंटस क्लबसाठी केलेले १७१ गोल जमा होते. पुण्यासाठी तो नऊ सामने खेळला व त्याने दोन गोल केले. मोसम संपल्यावर, २०१५ च्या जानेवारीत, त्याने बूट कायमचे काढून ठेवले. ज्याच्या एका गोलावर एक खंड जागा राहिला होता त्याचे अखेरचे गोल बालेवाडीच्या पंचक्रोशीत जमा व्हावेत, हा योग पुणेकरांच्या फारसा लक्षात राहिलेला दिसत नाही. पण हेसिंग आणि त्रेझेगे यांच्यामधल्या सव्वादोनशे वर्षांत पुण्याची एक रीत बदलली नाही असे मला वाटत आले आहे, आणि ती रीत म्हणजे निर्णायक घाव घालणारा हात परगावाहून मोल देऊन आणण्याची.

या रीतीचा इतिहास मराठ्यांच्या लष्करी हिशेबात जुना आहे. इब्राहिमखान गारदी पानिपतावर आपल्या धन्यासाठी मेला, आणि अवघ्या बारा वर्षांनी, १७७३ च्या भाद्रपदात, गणपतीच्या दिवसांत, त्याच जातकुळीच्या गारद्यांनी तुंबलेल्या तनख्याचा बोभाटा करीत शनिवारवाड्यात शिरून नारायणराव पेशव्याचा घात केला. भाडोत्री मनुष्याच्या निष्ठेची ही दोन टोके. पुढे महादजींनी सव्हॉयच्या द बॉइन्याकडून कवायती कंपू उभे करून घेतले. त्यांची शिस्त अशी होती की हिंदुस्थानात त्यांना तोड नव्हती. परंतु द बॉइन्या धन जोडून मायदेशी परतला, आणि १८०३ च्या सप्टेंबरात असईच्या मैदानावर शिंद्यांच्या कवायती पायदळाची सूत्रे हातात होती ती अँथनी पोलमन या हॅनोव्हरच्या जर्मनाच्या. त्याआधीच कंपनी सरकारने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांना फोडले होते, म्हणजे ऐन मोसमाच्या तोंडावर निम्मा संघ करार मोडून गेला होता. पोलमन राहिला. तोफा आणि पलटणी यांनी शर्थ केली, तरीही असई हातची गेली, आणि पोलमनही पुढे कंपनीच्याच नोकरीत रुजू झाला. त्याला मी दोष देत नाही. पोटासाठी लढणाऱ्याने पोट जिकडे जाईल तिकडे जावे, हा त्याच्या धंद्याचा धर्मच आहे. दोष कुणाचा असेल तर तो त्या घराचा, जेथे धनी गेला की कंपूही जातो.

फुटबॉलच्या खेळात गोल करणारा जो गडी असतो, त्याची जात या कंपूवाल्या गोऱ्यांशी फार जुळते. कॅम्पातली जुनी मंडळी त्याला अजूनही ‘सेंटर फॉरवर्ड’ म्हणतात, वर्तमानपत्रे ‘आघाडीपटू’ लिहितात, आणि दूरचित्रवाणीवर सामने पाहून वाढलेली पोरे ‘स्ट्रायकर’ म्हणून मोकळी होतात. इतर दहा जणांना काम असते. कुणी अडवतो, कुणी धावतो, कुणी चेंडू पुढे पोहोचवतो. हा एकटा प्रतिपक्षाच्या दाराशी उभा राहून वाट पाहतो, पाऊणशे मिनिटे काहीही करीत नाही, आणि एका निमिषात सगळ्यांच्या श्रमाचे श्रेय घेऊन जातो. त्याची कारकीर्द म्हणजे शुद्ध जमाखर्च. किती सामने, किती गोल. बाकी सारे गुणवर्णन फुकट. म्हणूनच जो धनी उतावळा असतो तो प्रथम हाच गडी विकत घेतो.

पुण्यात हा खेळ आला तो छावणीतून. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांनी पुणे व खडकी येथे छावण्या वसविल्या, आणि त्या छावण्यांतल्या फावल्या वेळाने या शहराच्या नावाला जगाच्या क्रीडाकोशात एक जागाही मिळवून दिली; बॅडमिंटनचे १८७३ चे नियम ‘पूना’ या नावानेच ओळखले जात. फुटबॉल मात्र साहेबांचा तसाच टॉमींचाही खेळ होता. १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली, तिचा पहिला मान वूस्टरशायर पलटणीने पटकावला, आणि पुढची कित्येक वर्षे तो चषक गोऱ्या पलटणींच्याच मेसमध्ये फिरत राहिला. देशी संघाच्या हाती तो पडावयास १९३७ साल उजाडले, आणि तोही बंगळूरच्या मुस्लिम संघाच्या. या अवधीत पुणे शहर, म्हणजे नदीच्या अलीकडचे पेठांचे पुणे, काय करीत होते? ते आट्यापाट्या, खोखो, हुतुतू, मल्लखांब आणि क्रिकेट यांत रंगले होते. १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला. दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष असता तेथल्या धावपटूंना पाहूनच त्यांच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला आणि १९२० साली अँटवर्पला हिंदी खेळाडूंचे पथक गेले. एवढी मोठी झेप घेणाऱ्या शहराने फुटबॉल मात्र छावणीच्या हद्दीपलीकडेच ठेवला. कातड्याचा चेंडू पायाने तुडवावयाचा, पावसात चिखलाने माखावयाचे, आणि समोर दणकट टॉमी. पेठेतल्या मुलाच्या आईला यातली एकही गोष्ट पसंत पडणारी नव्हती.

माझे एक मामा खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीस होते, आणि त्यांच्यामुळे मी लहानपणी हा हद्दीपलीकडचा खेळ पाहिला. पावसाळ्याचे दिवस, मैदानावर घोट्याएवढे पाणी, आणि मधोमध अठरा तुकडे शिवून केलेला तो चेंडू. सामन्याआधी एक जवान मांडी घालून बसे, ब्लॅडरच्या नळीत पंपाने हवा भरून नळी दुमडून सुतळीने आवळीत असे, ती आत सारून वरून कातडी लेस ओवीत असे, आणि मग चेंडू कानाशी नेऊन बोटाने वाजवून पाही, जसा गवई तंबोऱ्याची तार पाहतो. भिजला की तो चेंडू नारळाच्या पोत्यासारखा जड होई. त्या सामन्यात सॅपर्सच्या पलटणीचा एक ठेंगणा हवालदार आघाडीला होता. कोपऱ्यावरून आलेला तो जड चेंडू त्याने कपाळाने आत ढकलला आणि परत येताना मी पाहिले तर लेसची खूण त्याच्या कपाळावर उमटली होती, अगदी उभ्या गंधासारखी. “मामा, याला लागत नाही का?” असे मी विचारले. “लागतं रे, पण गोल झाला ना!” मामा म्हणाले.

जर्मन मनुष्य पुण्यास नवा नाही. पोलमन झाला, पुढे १८६७ साली कॅम्पात सेंट व्हिन्सेंट शाळा काढली ती जर्मन जेझुइट पाद्र्यांनी, आणि पहिल्या महायुद्धात हेच पाद्री शत्रुराष्ट्राचे म्हणून सरकारी बंदोबस्तात गेले व मायदेशी पाठविले गेले. अहमदनगरच्या छावणीत जर्मन नजरकैदी राहिले, दुसऱ्या महायुद्धात पुरंदरावरही जर्मन कुटुंबे अडकून पडली, स्वातंत्र्यानंतर मॅक्स म्युलर भवनात पुण्याची मुले जर्मन भाषा शिकू लागली, आणि अलीकडे चाकणला जर्मन मोटारी जुळविल्या जातात. पण जर्मन फॉरवर्ड पुणेकरांच्या घरात आला तो दूरदर्शनच्या पडद्यातून. १९८६ च्या जूनअखेरीस, मेक्सिकोतल्या अंतिम सामन्याच्या रात्री, आमच्या वाड्यात साडेअकरा वाजता एकाच संचापुढे वाड्यातली चार बिऱ्हाडे जमली होती. सारे मॅराडोनाचे भक्त. अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होती, पेंगुळलेली पोरे घरी न्यावीत की काय असा विचार आया करू लागल्या होत्या, आणि तेवढ्यात रुमेनिग्गे व फोलर या दोन जर्मनांनी सात-आठ मिनिटांच्या आत कोपऱ्यावरून आलेल्या दोन चेंडूंवर दोन गोल ठोकून सामना बरोबरीत आणला. वाडा एकदम सुन्न झाला. शेवटी अर्जेंटिना जिंकली खरी. पण माझ्या मनात त्या रात्रीपासून घर केले ते या निर्विकार चेहऱ्याच्या जर्मन फॉरवर्डनी, जे कौशल्याचे प्रदर्शन मुळीच करीत नाहीत, दारात येऊन उभे राहतात आणि हिशेब चुकता करून जातात.

या जातीचा मूळपुरुष गेर्ड म्युलर. त्याची कथा जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुण्याची कथा पुरती कळत नाही. बव्हेरियातल्या नर्डलिंगेन या तटबंदीच्या लहान गावात १९४५ च्या नोव्हेंबरात तो जन्मला. शाळा लवकर सुटली आणि तो विणकरीच्या कामास उमेदवार म्हणून लागला. हातमागाचा खटका ऐकत वाढलेल्या आपल्या भवानी पेठेतल्या पद्मशाली वस्तीत हे वृत्त कुणी सांगितले तर तेथल्या म्हाताऱ्यांना त्याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही. धागा चुकू न देण्याची नजर आणि एकच हालचाल दिवसातून हजारदा करण्याचा धीर, हे दोन्ही गुण त्या धंद्यातलेच. १९६४ साली म्युनिकच्या बायर्न क्लबने त्याला घेतले. बायर्न तेव्हा दुसऱ्या पायरीवरचा क्लब होता, आणि प्रशिक्षक चायकोव्स्की यांना हा बुटका, जाडजूड मांड्यांचा पोर प्रथमदर्शनी मुळीच रुचला नाही. त्याच्या अंगयष्टीवरून त्यांनी त्याला जे टोपणनाव दिले ते जन्मभर त्याला चिकटले. पुढच्याच वर्षी बायर्न वरच्या पायरीवर गेला.

यानंतर आकडेच बोलतात. जर्मन लीगच्या ४२७ सामन्यांत ३६५ गोल. १९७१-७२ च्या एका मोसमात ४० गोल, हा उच्चांक मोडावयास जवळजवळ पन्नास वर्षे लागली. देशासाठी ६२ सामने आणि ६८ गोल, म्हणजे सामन्यापेक्षा गोल अधिक. हिशेबाच्या वहीत जमेची बाजू खर्चापेक्षा मोठी असल्याची अशी उदाहरणे विरळा. १९७० च्या विश्वचषकात एकट्याचे दहा गोल. पण मी जो एक गोल पुन्हा पुन्हा पाहिला आहे तो १९७४ च्या जुलैतला, म्युनिकमधल्या अंतिम सामन्यातला. त्रेचाळिसावे मिनिट, बरोबरी, उजवीकडून बोनहोफ धावत येतो आणि चेंडू आत सारतो. म्युलर पुढे धावलेला असतो, चेंडू त्याच्या पायावर आदळून जरासा मागे निसटतो, म्हणजे खरे पाहता त्याची चूकच झालेली असते. दुसरा कुणी असता तर तेथेच संधी गेली म्हणून कपाळाला हात लावता. म्युलर मागे येतो, अंग जमिनीकडे झुकवून अर्धी गिरकी घेतो आणि चेंडूला फटकाही धड मारीत नाही, केवळ ढकलतो. तो बचावपटूच्या पायाजवळून सरपटत दूरच्या कोपऱ्यात जातो. डच गोलरक्षक जागचा हलत नाही. त्या गोलात काहीच सुंदर नाही. पण चुकलेला धागा त्याच हाताने उचलून पुन्हा ओवावा तसा तो गोल आहे, आणि विश्वचषक त्याच धाग्यावर टांगलेला होता.

त्याच रात्रीच्या मेजवानीत खेळाडूंच्या बायकांना आत येऊ दिले नाही, या कारणावरून वाद झाला, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी म्युलरने देशाच्या संघाचा राजीनामा दिला. हे वाचून मला प्रथम हसू आले होते. आता येत नाही. १९७९ पर्यंत तो बायर्नमध्येच होता. मग प्रशिक्षकाशी बिनसले, तो अमेरिकेत फ्लॉरिडास गेला, काही मोसम खेळला, तेथे त्याने खाणावळही चालविली, आणि मायदेशी परतल्यावर दारूने त्याला घेरले. येथवरची कथा कुठल्याही मुलखातल्या निवृत्त पहिलवानाची आहे. पुढची नाही. १९९०च्या दशकाच्या आरंभी त्याच्या जुन्या सहकाऱ्यांनी, हनेस आणि बेकेनबाऊर यांनी, त्याला उपचारास नेले, बरा केला आणि बायर्नच्या दुय्यम संघाच्या प्रशिक्षकांत जागा दिली. रोज सकाळी मैदानावर जावयाचे, पोरांना नेम शिकवावयाचा. २०१५ साली त्याला विस्मृतीचा रोग जडल्याचे जाहीर झाले, आणि २०२१ च्या १५ ऑगस्टला तो वारला, तोवर तो त्या क्लबचाच माणूस होता.

हे कसे घडले? म्युलर थोर होता म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे. पण मला ते अपुरे वाटते. बायर्न हा क्लब १९०० च्या फेब्रुवारीत म्युनिकमधल्या एका उपाहारगृहात अकरा जणांनी स्थापला, आणि जर्मनीतल्या बहुतेक क्लबांप्रमाणे तो नोंदणीकृत मंडळ होता, म्हणजे आपल्याकडच्या सार्वजनिक सभेसारखा, वाचनालयासारखा किंवा जिमखान्यासारखा सभासदांचा. पुढे धंदा वाढल्यावर कंपन्या आल्या, भागभांडवल आले, तरी १९९८ च्या नियमाने मतांचे निम्म्याहून एक अधिक माप सभासदांच्या मंडळाकडेच राहिले पाहिजे असे बंधन घालण्यात आले. आज बायर्नचे सभासद तीन लाखांहून अधिक आहेत. तेथे खेळाडू म्हातारा होतो, मंडळ राहते. खेळाडू बिघडला तर त्याला सावरावयास कुणीतरी दाराशी असते, कारण दार असते.

पुण्यात दार राहिले नाही. २००७ साली पुणे फुटबॉल क्लब निघाला. मुंबईच्या एका उद्योगगटाचे पैसे, गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक, आणि २००९-१० मध्ये राष्ट्रीय लीगच्या वरच्या वर्गात पहिल्याच वर्षी तिसरा क्रमांक. २०१२-१३ मध्ये तो दुसरा आला. एवढेच नव्हे, तर त्याच्या युवा संघाने राष्ट्रीय पातळीवर विजय मिळविले, म्हणजे बी पेरण्याचे काम या क्लबाने खरोखर केले होते. २०१४-१५ चा मोसम तर असा होता की पुण्याच्या नावाने भारत एफसी, पुणे एफसी आणि नव्या झगमगीत स्पर्धेतला एफसी पुणे सिटी असे तीन संघ बालेवाडीच्या एकाच हिरवळीवर आळीपाळीने नांदत होते, आणि हिरवळ सांभाळणाऱ्या माळ्याला श्वास घ्यावयास फुरसत नव्हती. त्या मोसमानंतर भारत एफसी आणि पुणे एफसी दोन्ही बंद झाले. शिवाजीयन्स हा १९८७ साली निघालेला जुना पुणेकर क्लब एका बांधकाम व्यावसायिकाच्या आश्रयाने मोठा झाला, लोणी काळभोरजवळ लिव्हरपूलच्या सहकार्याने त्याची अकादमी चालली, दोन मोसम तो वरच्या वर्गात खेळला आणि २०१७ मध्ये त्या पायरीवरून उतरला. राहता राहिला एफसी पुणे सिटी.

या शेवटच्या संघाने आघाडीला जी माणसे आणली ती पाहिली म्हणजे महादजींच्या कंपूंची आठवण अधिकच दाट होते. त्रेझेगेनंतर २०१५ मध्ये रुमानियाचा अड्रियन मुटू आला. स्वदेशासाठी ३५ गोल करून हाजीच्या विक्रमाशी बरोबरी करणारा, आणि चेल्सीने कोकेनपायी काढून टाकल्यावर कोट्यवधी युरोंच्या नुकसानभरपाईचे ओझे खांद्यावर घेऊन फिरणारा. २०१६ मध्ये आइसलँडचा ऐडर गुडयॉन्सन करारबद्ध झाला. तो मोसमाच्या आधीच जायबंदी झाला आणि पुण्याच्या सदऱ्यात एक सामनाही न खेळता गेला. २०१७-१८ मध्ये उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो आणि ब्राझीलचा मार्सेलिन्यो यांनी मात्र खरोखर चाकरी बजावली. एकाचे नऊ, दुसऱ्याचे आठ गोल. संघ चौथा आला व उपान्त्य फेरीत गेला. ७ मार्च २०१८ च्या त्या पहिल्या लढतीला मी बालेवाडीत होतो. मनपाच्या थांब्यावरून बस पकडून, हिंजवडीहून सुटणाऱ्या नोकरदारांच्या गर्दीतून वाट काढीत पोहोचलो तेव्हा राष्ट्रगीत चालले होते. शेजारी वडगाव शेरीहून आलेली चार कॉलेजची मुले. त्यांतल्या एकाने गालावर केशरी रंग फासलेला, आणि घामाने तो रंग गळपट्टीवर उतरलेला. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. अल्फारो एकदा चेंडूपासून हातभर कमी पडला तेव्हा त्या मुलाने मला, अनोळखी म्हाताऱ्याला, दंडाला घट्ट धरले आणि म्हणाला, “काका, हा गेला ना, म्हणजे आता काय खरं नाही.” चार दिवसांनी बंगळुरात सुनील छेत्रीने तीन गोल करून त्याचे भाकीत खरे केले. पुढल्या वर्षभरात धन्याची तिजोरी हलली, आणि २०१९ मध्ये त्या संघाची जागा हैदराबादने घेतली. गालावर केशरी फासणाऱ्या त्या मुलाला कुणी काही विचारले नाही. विचारावयास तो कुठे सभासद होता?

येथे कोल्हापूरचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. तेथे फुटबॉल तालमींनी उचलला. पाटाकडील तालीम, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब ही नावे ऐकली तरी कळते की हा खेळ तेथे एखाद्या उद्योगपतीच्या करारनाम्यावर उभा नाही, गल्लीवर उभा आहे. शाहू स्टेडियममध्ये पेठेचा फॉरवर्ड गोल मारतो तेव्हा पेठ त्याला उचलून घेते आणि चुकवतो तेव्हा पेठच आठवडाभर त्याला तोंड लपवावयास लावते. त्याच कोल्हापुरातला, रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळला. त्या संघाची बांधणी आधी काही काळ निकोलाई आडम या जर्मन प्रशिक्षकाकडे होती, हा योगायोगही नमूद करण्याजोगा आहे. पुण्याजवळ मैदान होते, वसतिगृह होते, सरकारी मंजुरी होती. बीज कोल्हापूरच्या तालमीतले होते. पुण्यातल्या पेठांतल्या तालमींनी कुस्ती आणि गणपती सांभाळले, फुटबॉल सांभाळला नाही, आणि ज्या कॅम्प-खडकीतल्या मंडळांनी तो सांभाळला त्यांच्याकडे पेठांतल्या पुण्याने कधी वळून पाहिले नाही. छावणीच्या हद्दीची ती रेघ काही पुसली गेली नाही.

२०२२-२३ च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने म्युलरच्याच बायर्न क्लबाशी करार करून चौदा वर्षांखालील मुलांसाठी राज्यभर एक चषक सुरू केला, आणि त्यातून निवडलेल्या मुलांना म्युनिकला शिकावयास पाठविण्याचे ठरविले. पोलमन इकडे आला होता. आता पोरे तिकडे निघाली. कल्पना मला मनापासून आवडली, तथापि एक शंका राहते. म्युनिकहून परतलेला मुलगा पंधराव्या वर्षी पुण्याच्या स्थानकावर उतरेल, तेव्हा तो कुठल्या मंडळाच्या दाराशी जाईल?

त्याचे उत्तर शोधावयास मी हल्ली अधूनमधून शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या मैदानावर जातो. जिल्हा संघटनेचे लीग सामने तेथे होतात. शेजारीच १९२८ साली बसविलेला शिवछत्रपतींचा तो भव्य अश्वारूढ पुतळा आहे, करमरकरांनी घडविलेला, आणि पावसाळी आभाळाखाली त्याचे कांस्य जवळजवळ काळे दिसते. गेल्या श्रावणातल्या एका रविवारी प्रेक्षक म्हणावे असे आम्ही दहा-बारा जण होतो. त्यात दोघे राखीव खेळाडू, एक चहावाला. एका संघाचा फॉरवर्ड ठेंगणा होता. त्याच्या बुटाच्या तळव्याला चिकटपट्टीचे तीन वेढे होते, आणि प्रत्येक पंधरा मिनिटांनी तो खाली बसून ते वेढे पुन्हा आवळीत होता. उत्तरार्धात चेंडू गोलखांबाला लागून परत आला, चिखलात थबकला, आणि चार जण त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी त्या पोराने तो गुडघ्यानेच, काहीशा लाजिरवाण्या रीतीने, आत लोटला. पंचांची शिट्टी वाजली. कडेला छत्रीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या नोंदणीदाराने मांडीवरची ओलसर वही उघडली आणि ओरडून विचारले, “कुणाचा रे गोल?” पोराने पाठ वळवून सदऱ्यावरचा आकडा दाखवला. त्यावर चिखल बसला होता. त्याने हात मागे नेऊन तळव्याने तो पुसला, आणि नोंदणीदाराने ‘९’ लिहिले.